पाचशे पत्रावळ्या आणि दोन बकरे

ब्लॉग लिहायची कल्पना मुळात माझी नव्हती. गोंडपिपरीच्या एका कॉलेजात मी कनिष्ठ लिपिक आहे आणि माझ्या डोक्यात कल्पना आलेली अजून कोणी पाहिलेली नाही. वरून कुठूनतरी पत्र आलं, की तरुणांमध्ये पर्यावरणपूरक सवयी रुजवाव्यात आणि त्यासाठी ब्लॉगसारख्या माध्यमांचा वापर व्हावा. प्राचार्यांनी त्यावर 'श्री. इनायत शेख, योग्य ती कार्यवाही' असा शेरा मारला आणि त्या दिवशी दुपारी तीन वाजल्यापासून मी पर्यावरणवादी झालो.

ब्लॉगचं नाव ठेवलं 'तरुणा, हिरवा हो!' पहिल्या महिन्यात नऊ वाचक आले. (त्यातले चार वेगवेगळ्या फोनवरून मीच होतो.) नळ बंद ठेवा, सायकल चालवा, साबणाऐवजी राख वापरा, असं मी तरुणांना धडाधड सांगत सुटलो. मी स्वतः कोपऱ्यावरच्या चक्कीवर दळण आणायलाही स्कुटीवर जातो, पण ते ब्लॉगमध्ये लिहायची काही गरज नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण त्याच सुमारास माझ्या मुलीची, उमेराची मंगनी (म्हणजे साखरपुडा) ठरली. मुलगा सावली गावचा, जिशान नावाचा. मी आनंदाच्या भरात लिहून टाकलं, 'माझ्या मुलीच्या मंगनीत थर्माकोलची एक प्लेट किंवा प्लास्टिकचा एक गिलास जरी दिसला, तर हा ब्लॉग कायमचा बंद करीन. तरुणांनो, साक्षीला या!'

लेख टाकला आणि मग बायकोनं आठवण करून दिली, की जिशानचे वडील आरिफभाई यांचं सावलीत डिस्पोजेबल प्लेट-गिलासांचं होलसेल दुकान आहे.

"काई समजते का तुमाले?" सुलताना म्हणाली. "पाचशे प्लेटी मी देतो म्हणून राह्यले होते ते!"

"पण सुलताना, तत्त्व म्हणून काही..."

"मंग तत्त्वावरच वाढा बिर्यानी!"

तेवढ्यात आरिफभाईंचाच फोन आला. "इनायतभाई, ब्लॉग वाचला तुमचा. पूरा वाचला. आमचा माल म्हणजे जहर आहे का?"

माझा ब्लॉग कोणीतरी पूर्ण वाचला, या आनंदात मला उत्तर द्यायला जरा उशीर झाला. तो उशीर त्यांनी होकार समजला आणि फोन ठेवून दिला.

उमेरा एरवी माझ्याशी कडाकडा भांडते. त्या दिवशी मात्र तिनं माझ्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अब्बा, एका प्लेटीपाई माझा रिश्ता मोडला ना, तर मी बोलनार नाई तुमच्यासंग." लेख काढून टाकावा म्हणून मी फोन परत उचलला. पण लेख तर गावभर झाला होता, आणि आता शब्द मागे घेतला तर त्याच आरिफभाईंसमोर हसं झालं असतं.

अशा वेळी धावून आला तो आमच्या कॉलेजचा शिपाई वारलू. "आमच्या गावच्या बाया पळसाच्या पत्रावळ्या लावतेत, इनायतभाऊ. पाचशे आनून देतो. फक्त थंड्या जागी ठेवजा अन् ओलं पोतं टाकजा. नाईतर पापडावानी वाकड्या होतेत."

मंगनीच्या आदल्या दिवशी पत्रावळ्या आल्या. त्याच दिवशी दावतीचे दोन बकरेही आले. एप्रिलचं ऊन, म्हणजे बकऱ्यांनाही सावली हवी, गारवा हवा. मागच्या अंगणात आमचं एकच कोठार आहे. मी विचार केला, दोन ठिकाणी पाणी शिंपडण्यापेक्षा दोघांनाही एकाच जागी ठेवलं तर बादलीभर पाणी वाचेल! लगेच फोटो काढून ब्लॉगवर टाकला, 'पाण्याची बचत : एक घरगुती युक्ती.' त्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, बकरे आणि पत्रावळ्या एकाच खोलीत?" मी उत्तर दिलं, "मध्ये ड्रम ठेवला आहे. तरुणांनी नकारात्मक विचार टाळावा."

सकाळी कोठाराचं दार उघडलं. ड्रम आडवा पडला होता. दोन्ही बकरे डोळे अर्धे मिटून रवंथ करत होते, दोरीचा तुकडा एकाच्या शिंगाला लटकत होता. खाता आल्या तेवढ्या त्यांनी खाल्ल्या होत्या, उरलेल्या तुडवल्या होत्या आणि त्यातूनही ज्या वाचल्या, त्यांच्यावर जे करायचं ते केलं होतं. माणसासमोर ठेवण्यासारख्या मोजून तीन पत्रावळ्या राहिल्या होत्या. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, हे शाळेत शिकलो होतो. माझ्या कोठारात ते असं खरं होईल असं वाटलं नव्हतं.

खाटीक आला. त्यानं दोघांच्या फुगलेल्या पोटांवर टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, "आज नाई जमत. यायले पयले ढोराच्या डाक्टरले दाखवा." सुलतानानं माझ्याकडे न बघताच मुर्गीवाल्याला फोन लावला.

अकराच्या सुमारास सावलीची मंडळी आली. आरिफभाईंनी सलाम केला, पण हात हातात घेतला नाही. मग मांडवाकडे नजर टाकून म्हणाले, "पत्रावळ्या नाई दिसून राह्यल्या?"

मी बकऱ्यांकडे बोट दाखवलं. एकाच्या तोंडातून अजून पळसाचं पान बाहेर आलेलं होतं.

आरिफभाई हसले नाहीत. "माझ्या गाडीच्या डिक्कीत पाचशे प्लेटी आहेत," ते शांतपणे म्हणाले. "आनू?"

साक्षीला आलेली कॉलेजची पंधरा-वीस पोरं फोन वर धरून उभी होती. (वाचायला कधी आली नाहीत, साक्षीला बरोबर आली.) मी उमेराकडे पाहिलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी ब्लॉग, पर्यावरण आणि प्राचार्यांचा शेरा, कशाचीच मला पर्वा राहिली नाही.

"आना, आरिफभाई," मी म्हणालो.

तेवढ्यात वारलू मांडवात आला. बसकरावर बसला आणि पिशवीतून स्वतःची थाळी नि गिलास काढून समोर मांडला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"आमच्या इथी पंगतीले जो तो आपली थाली-गिलास घेऊनच जाते जी. आज्यापासून."

"मग हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी तरुन पोरायले सांगून राह्यले होते. मले कुठी इचारलं?"

सुलतानानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! जमातीच्या थाल्या!"

तर, मशिदीमागच्या खोलीत आमच्या जमातीच्या स्टीलच्या तीनशे थाळ्या आहेत. लग्नकार्याला कोणीही न्याव्या, वापराव्या, परत ठेवाव्या. डिस्पोजेबल आल्यापासून त्या कोणी नेत नव्हतं, एवढंच. त्या खोलीची चावी सहा वर्षांपासून माझ्याच जुडग्यात आहे. ब्लॉगचा प्रत्येक लेख लिहिताना ती मला मांडीला टोचायची.

"थाल्या ठीक आहेत," आरिफभाई म्हणाले. "पन तीनशे थाल्या धुवन कोन?"

"ज्यानं ब्लॉग लिहिला तो!" सुलताना म्हणाली.

यावर मात्र आरिफभाई जे हसायला लागले, ते खुर्ची धरूनच बसले. मग डिक्की लावून घेतली, बाह्या सारल्या आणि पहिली पंगत स्वतः वाढली. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घासा समधीसाहब, घासा!"

उमेराच्या बोटात अंगठी गेली ती मी हौदापाशी बसून, खिडकीतून पाहिली. हाताला राख लागलेली होती म्हणून डोळेही पुसता आले नाहीत. (राखेनं बिर्यानीचं तेल निघतं, पण त्याआधी तळहाताची साल निघते. 'साबणाऐवजी राख वापरा' हे लिहिणारा माणूस मूर्ख होता.) थोड्या वेळानं जिशान शेजारी येऊन बसला. "सरका चाचा," म्हणाला आणि थाळी घासायला लागला. त्याला पाहून कॉलेजची पोरंही फोन खिशात घालून बसली. माझ्या सगळ्या लेखांनी मिळून जे झालं नव्हतं, ते एका उष्ट्या थाळीनं झालं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉग उघडला तर वाचक अकरा हजार! छाती भरून आली. मग दिसलं की उमेरानं त्यावर पत्रावळ्या खाणाऱ्या बकऱ्यांचा व्हिडिओ टाकला होता. खाली तरुणांच्या प्रतिक्रिया होत्या, 'सरांचं कोणीतरी ऐकलं!'

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजात पर्यावरणाचा मोठा कार्यक्रम घ्यायचा ठरला आहे आणि तरुणांच्या आग्रहावरून दोन्ही बकऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आहे. निमंत्रणपत्र मीच टाइप केलं, जावक क्रमांकही मीच टाकला. माझं नाव त्यात आहे, नाही असं नाही. अगदी शेवटच्या ओळीत आहे : 'पाहुण्यांच्या लेंड्या उचलणे : श्री. इनायत शेख.'