रिमोटच्या कपाळी हळदकुंकू

जबलपूरच्या विजय नगरातल्या सुभेदारांच्या घरी टीव्ही बघायचा म्हणजे तीन रिमोट आणि एक सून लागे. पहिल्या रिमोटने टीव्ही जागा होई, दुसऱ्याने सेटटॉप बॉक्समधून चॅनेल येई आणि तिसऱ्याने टीव्हीखालच्या लांबोडक्या साउंडबारमधून आवाज फुटे. टीव्हीचा स्वतःचा आवाज मुलाने, देवदत्तने, पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. साउंडबार असताना तो ऐकणे म्हणजे म्हणे अडाणीपणा. क्रम चुकला की सगळा कारभार मुका नाहीतर आंधळा होई, आणि बरोबर क्रम फक्त सून अपूर्वालाच येत असे. चिंतामणराव सुभेदार वीज खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. एके काळी अख्ख्या मोहल्ल्याची बत्ती त्यांच्या सहीने येई-जाई. त्यांना आता बातम्या लावायला सुनेला हाक मारावी लागे, आणि हे त्यांना खुपत असे.

त्यात त्यांच्या पत्नीचा, सरोजिनीबाईंचा, भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम टीव्हीवर येणार होता. नागपूरच्या एका वाहिनीची माणसे जबलपूरला येऊन सरोजिनीबाई आणि त्यांच्या मैत्रिणींची गाणी टिपून गेली होती. कोजागिरीच्या संध्याकाळी सहाला ती दिसणार होती, एकदाच. सरोजिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर वर्षी घरात भुलाबाई मांडत आणि गाणी म्हणत. दर वर्षी पहिली टाळी वाजली की चिंतामणराव चपला घालून नर्मदेच्या ग्वारीघाटावर फिरायला निघून जात. बायकोचे एकही गाणे त्यांनी आजवर पुरते ऐकलेले नव्हते.

"टीव्हीवर तं ऐकाल ना?" सरोजिनीबाईंनी विचारले.

"टीव्हीवर येऊन राहिलं म्हणजे काहीतरी असेलच त्यात," चिंतामणराव म्हणाले. "ऐकीन. बसून ऐकीन."

सरोजिनीबाई त्या दिवसापासून हवेतच होत्या. पण दसऱ्याच्या दिवशीच देवदत्त आणि अपूर्वा तिच्या माहेरी नागपूरला जाणार होते, ते थेट कोजागिरीनंतर परतणार. मग तीन रिमोटांचा क्रम कोण लावणार?

"एकच रिमोट आणतो, तिन्हीचा," चिंतामणरावांनी जाहीर केले. "विजेचं मला नका सांगू कोणी."

जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात मोहनचे दुकान होते. त्याने काउंटरवर सात-आठ युनिव्हर्सल रिमोट मांडले. चिंतामणरावांनी एकेक तळहातावर तोलला, उलटा केला, बटणांवरून बोट फिरवले. एकात बटणे कमी, एकाचा रंग हलका, एकाची मागची झाकणी सैल.

"इसकी लाइफ कितनी है?"

"अंकलजी, रिमोट ले रहे हो, दामाद थोड़ी ढूँढ रहे हो!" मोहन वैतागून म्हणाला.

शेवटी चिंतामणरावांनी सगळ्यात जास्त बटणांचा रिमोट घेतला. त्याच पैशात एवढी बटणे मिळत असताना कमी का घ्यायची, असा त्यांचा साधा हिशेब होता. मोहनने टीव्हीची, बॉक्सची आणि साउंडबारची कंपनी विचारून तो जागच्या जागी लावून दिला. घरी अपूर्वाने दाबून पाहिला तर एका बटणात तिन्ही चालू! चिंतामणरावांना असा काही जोर चढला की दसऱ्याच्या साफसफाईत त्यांनी तिन्ही जुने रिमोट कबाड्याला देऊन टाकले.

"राहू द्यायचे होते ना, बाबा," अपूर्वा म्हणाली.

"काहून? राजा आल्यावर सुभेदार कशाला लागतात?" चिंतामणराव म्हणाले, आणि आपल्याच आडनावावर आपणच हसले.

दैव देते अन् कर्म नेते, ते असे. दसऱ्याला मुले निघून गेल्यावर सरोजिनीबाईंनी पूजा मांडली. पाटावर विळी, मिक्सर, स्क्रू पिळायचा पेचकस, स्कूटरची चावी आणि मधोमध नवा रिमोट. सरोजिनीबाई रिमोटच्या पोटावर हळदकुंकू लावायला निघाल्या.

"पोटावर काय लावून राहिली? कपाळाला लाव!" चिंतामणराव ओरडले. रिमोटचे कपाळ म्हणजे त्याची पुढची कड, जिथे काळ्या काचेचा बारीक तुकडा असतो. त्यांनी स्वतःच हळदकुंकू पाण्यात घट्ट कालवले, त्या काचेवर ठसठशीत बोट ओढले आणि वर अक्षता दाबल्या. रिमोट टीव्हीशी बोलतो तो नेमका त्याच काचेतून, हे विजेचे सगळे ठाऊक असलेल्या माणसाला ठाऊक नव्हते. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून रात्रभर कुंकू छान वाळले.

दुसऱ्या दिवशी रिमोट चालेना. चिंतामणरावांनी बटण हळू दाबले, जोरात दाबले, हात लांब करून दाबले. सेल बदलले. सरोजिनीबाईंनी भुलाबाईचा खाऊ ओळखताना डबा हलवतात तसा रिमोट कानाशी हलवून पाहिला.

"आत काही तुटलेलं वाजत नाही," त्या म्हणाल्या. "अपूर्वाला फोन लावू का?"

"खबरदार! सून म्हणेल, सासऱ्याला एक रिमोट सांभाळता आला नाही."

चिंतामणराव तडक मोहनच्या दुकानात गेले. "बंद पड गया. वापस लो."

मोहनने हात पुढे केला, कुंकवाचे बोट पाहिले आणि हात मागे घेतला. मग जरा थांबून रिमोट दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

"अंकलजी, इसकी तो पूजा हो गई. पूजी हुई चीज़ हम वापस कैसे लें? पाप लगेगा."

"अरे, पण चालत नाही ना!"

"भगवान की मर्ज़ी. दूसरा दे दूँ?"

पूजेच्या बाबतीत चिंतामणरावांना वाद घालता येईना, कारण त्यांचेही मत तेच होते. त्यांनी मुकाट्याने दुसरा रिमोट घेतला. मोहनने तो दुकानातल्या टीव्हीवर चालवून दाखवला, घरच्यासारखा लावून दिला आणि पिशवीत घातला. घराच्या दारातच सरोजिनीबाईंनी पिशवी अडवली.

"थांबा जी! पहिल्याला जे भोवलं ते याला नको. नीट दृष्ट काढते, मग घ्या आत."

त्यांनी दृष्ट काढली आणि या वेळी कपाळ न चुकता हळदकुंकू स्वतः लावले, जरा जास्तच. चिंतामणराव म्हणाले, "आता वाळू दे, कोजागिरीलाच चालवू. उगाच आधी दाबून दाबून खराब नको करायला." इतके शहाणपण एका घरात दोघांना सुचावे, हे विशेषच म्हणायचे.

कोजागिरीला पाच वाजताच मैत्रिणी जमल्या. ग्वारीघाटाजवळच्या कुसुमबाई सगळ्यांत आधी, कारण टीव्हीत त्या सरोजिनीबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. सहाला थोडा वेळ असताना चिंतामणरावांनी रिमोट उचलला, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि बटण दाबले. काही झाले नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने पहिला रिमोटही उचलला आणि दोन्ही एकदम रोखले. टीव्ही ढिम्म.

"शेजारी जाऊ ना," एक बाई म्हणाली.

"दुबेजींकडे मराठी पॅक नाही. आणि हे चॅनेल मोबाइलवर लागत नाही," सरोजिनीबाईंचा आवाज बारीक झाला.

तो आवाज ऐकून चिंतामणरावांनी दोन्ही रिमोट टाकले. ते टीव्हीमागे घुसले. टीव्हीचे बटण सापडले, पडदा उजळला. बॉक्सवरचे बटण सापडले, ते दाबत दाबत त्यांनी एकेक चॅनेल ओलांडले. भजने गेली, कुस्त्या गेल्या, सोन्याचे दागिने गेले आणि एकदाची नागपूरची वाहिनी आली. पण या ओढाताणीत बॉक्सची वायर ढिली झाली होती. ती चिमटीत दाबून धरली तरच चित्र राही. सोडली की पडदा काळा.

"धरून ठेवा, धरून ठेवा!" सगळ्या ओरडल्या. "आता आवाज!"

साउंडबारचे बटण कुसुमबाईंनी दाबले. त्यावर निळा दिवा लागला आणि तो टीव्ही सोडून ब्लूटूथवर कुणाचा तरी मोबाइल शोधत बसला. पडद्यावर हिरव्या नऊवारीतल्या सरोजिनीबाई आल्या, टाळी वाजली, तोंड हलू लागले, आणि खोलीत चिडीचूप.

सरोजिनीबाई आपल्याच मुक्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "यांनी एकदा ऐकावं, एवढंच होतं माझं," त्या म्हणाल्या. चिंतामणराव वायर धरून टीव्हीमागे उभे होते. त्यांना आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"अगं सरोजिनी, मुका टीव्ही आहे. आपण आहोत का?" कुसुमबाईंनी टाळी दिली. "घे, आहे तिथून उचल!"

सरोजिनीबाईंनी पडद्याकडे पाहून गाणे उचलले. बाकीच्यांनी मागे धरले. पडद्यावरची टाळी आणि खोलीतली टाळी जुळली. टाळी ऐकताच चिंतामणरावांचे पाय सवयीने चपलांकडे वळले, पण हातात वायर होती. सोडावी तर बायको गडप. ते जागीच उभे राहिले आणि ऐकू लागले. सासू, नणंद, माहेर, हरवलेले दागिने, सगळे त्या गाण्यांत होते, आणि आवाज असा काही खणखणीत की इतकी वर्षे आपण नुसते घाटावरचे वारे खात राहिलो, असे त्यांना वाटले.

कार्यक्रम संपून जाहिरात लागली तरी ते वायर धरूनच होते.

"सोडा आता, झालं," सरोजिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"झालं काहून? अजून एक म्हणा ना," चिंतामणराव टीव्हीमागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपूर्वाचा फोन आला. चिंतामणरावांनी स्पीकर लावला.

"आई, मला इतका गुस्सा आला ना!" अपूर्वा म्हणाली. "तुमचं तोंड हलताना दिसलं फक्त. पूरा टाइम ती अँकरच बोलून राहिली होती, आणि मागे फिल्मी म्युझिक. एक गाणं पण ऐकू नाही आलं. इथे मम्मी, मावशी, सगळे कान लावून बसले होते."

सरोजिनीबाई मटकन खुर्चीत बसल्या. चिंतामणरावांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"काय सांगून राहिली तू? आमच्याकडे तं पहिल्यापासून शेवटपर्यंत साफ ऐकू आलं."

"हो? आणि अँकर?"

"तिचा एक शब्द नाही. नुसती गाणी. हिचा आवाज तं असा, की समोर बसून म्हणून राहिली."

नागपूरला अपूर्वाने हे मम्मीला ओरडून सांगितले.

"बाबा, मग तुमचा नवा रिमोट कमालच आहे! कोणत्या कंपनीचा आहे? मम्मीसाठी पण एक घेऊन टाकते."

सरोजिनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि हसू आवरेना म्हणून त्या खुर्चीसकट हलत होत्या. चिंतामणरावांनी त्यांच्याकडे पाहिले.

"थांब, बघून सांगतो," ते म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले.