विषय : तणाव शून्य करण्याबाबत

आमच्या शाळेतील चारशे बारा विद्यार्थ्यांचा मानसिक तणाव तीस सप्टेंबरपर्यंत संपवावयाचा होता. तसे परिपत्रकच आले होते. टाळेबंदी, घरात कोंडलेली मुले आणि मोबाईलवरची शाळा यांमुळे विद्यार्थ्यांना तणाव येतो, ही बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली होती. एखादी बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली की ती फार दिवस जगत नाही. निदान कागदावर तरी नाहीच.

शाळा शनिवार पेठेतली, जुनी आणि नावाजलेली. नाव सांगत नाही, कारण मला अजून सहा वर्षे नोकरी करायची आहे. मी दिगंबर, चित्रकला शिक्षक. ऑनलाइन वेळापत्रक तयार झाले तेव्हा गणित बसले, विज्ञान बसले, अगदी कवायतसुद्धा बसल्या बसल्या बसली. चित्रकला मात्र बसेना. तेव्हा मुख्याध्यापिका उल्काबाईंचा फोन आला.

"दिगंबर सर, आपण सध्या मोकळेच आहात ना?"

शाळेत हा प्रश्न नसतो, नेमणुकीचा आदेश असतो. मी 'तणावमुक्ती समन्वयक' झालो.

पहिले काम सोपे होते. रोज सकाळी पालकांच्या मोबाईलवर एक फॉर्म जाई. त्यात 'आज विद्यार्थ्याचा तणाव किती?' असा प्रश्न आणि पुढे शून्य ते दहा आकडे. विद्यार्थ्याने स्वतः भरावा अशी सूचना ठळक अक्षरांत होती, त्यामुळे एक सोडून सर्व फॉर्म पालकांनीच भरले. दुपारी निकाल पाहिला. जवळजवळ सगळ्यांचा तणाव दहापैकी दहा. आता काय सगळ्या पेठेत रुग्णवाहिका पाठवायच्या की काय, या विचारात होतो, तोच सातवीतल्या गंधारच्या वडिलांचा फोन आला.

"सर, आमच्या सौभाग्यवतींकडून गंधारला चुकून नऊ भरले गेलेत. त्या वरच्या मजल्यावरच्या राजसला दहा आहेत म्हणे. दुरुस्ती करता येईल का? हवं तर तोंडी परीक्षा घ्या."

मग उलगडा झाला. दहापैकी म्हटल्यावर आमच्या पालकांनी पुढचे-मागचे काही वाचलेच नव्हते. दहापैकी दहा घ्यायचे, एवढेच त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक. एका आईने तर साडेनऊ भरून पुढे 'अजून सुधारणेस वाव आहे' असा शेरा मारला होता.

चारशे बारा फॉर्मांत एकच फॉर्म खुद्द विद्यार्थिनीने भरला होता. आठवीतली स्पृहा. तिने लिहिले होते, तणाव चार. कारणाच्या रकान्यात, 'मोबाईल एक, आम्ही भावंडं दोन. पण पाच ते सहा गच्चीवर जाते तेव्हा तणाव दोन होतो. पलीकडच्या गच्चीवर तनया येते. मधे बोळ आहे. आम्ही भेंड्या खेळतो.' वर्गात सर्वांत कमी गुण मिळाल्याबद्दल वर्गशिक्षिकांनी त्याच दुपारी तिच्या आईला फोन करून मुलगी मागे पडत असल्याची जाणीव करून दिली.

मी खुलासा पाठवला: तणाव जितका कमी तितका चांगला. दुसऱ्या दिवशी चारशे अकरा विद्यार्थ्यांचा तणाव शून्य झाला. गंधारच्या वडिलांनी उणे दोन भरता येईल का, अशी चौकशी केली. स्पृहाचे मात्र कालचेच चार. काल ती वर्गात शेवटची होती, आज सगळ्या शाळेला एकटी खाली ओढत होती.

वास्तविक चारशे अकरा मुले एका रात्रीत बरी झाल्यावर मोहीम तिथेच थांबायला हवी होती. पण उपक्रम मंजूर झाले होते, तज्ज्ञ ठरले होते. उल्काबाई म्हणाल्या, "शून्यवाल्यांना उपस्थितीतून सूट द्या. उपक्रम होतीलच. लाभार्थी आहे ना एक?"

वेळ कोणती ठेवायची, हा प्रश्नही फॉर्मनेच सोडवला. 'विद्यार्थी मोकळा केव्हा असतो?' या प्रश्नापुढे बाकीच्या पालकांनी 'मोकळा नसतोच' असे अभिमानाने लिहिले होते. स्पृहाने प्रामाणिकपणे लिहिले होते, पाच ते सहा.

उपक्रमाची वेळ पाच ते सहा ठरली.

पहिल्या दिवशी हास्यसत्र झाले. पडद्यावर सहा शिक्षक, उल्काबाई आणि मधल्या चौकटीत स्पृहा. आम्ही सात जण तिच्याकडे पाहून हसलो. उल्काबाई म्हणाल्या, "स्पृहा, तुझा माईक बंद आहे. हसू ऐकू येत नाहीये." तिने माईक सुरू केला. मागून तिच्या भावाचा भूगोलाचा तास ऐकू येत होता, म्हणजे तो शेजाऱ्यांचा मोबाईल मागून आणून बसला होता. आणि त्याच्याही मागून, बहुधा खिडकीतून, एका मुलीचा आवाज येत होता. "स्पृहाऽऽ! 'म' आलाय तुझ्यावर!"

दुसऱ्या दिवशी प्राणायाम झाला. मग हडपसरहून आमोद सर नावाचे समुपदेशक ऑनलाइन आले आणि 'मोबाईलचा वापर कमी कसा करावा' या विषयावर मोबाईलवर पावणेदोन तास बोलले. त्यानंतर 'मन मोकळे करा' या विषयावर पाचशे शब्दांचा निबंध ठेवला, शुद्धलेखनाचे गुण वेगळे. स्पृहाचा तणाव चारावरून सहावर गेला. आकडा वाढला म्हणून सत्रे वाढवली. सत्रे वाढवली म्हणून तो आठवर गेला. आमोद सरांनी ही केस गंभीर असल्याचे सांगितले आणि शनिवारचेही पाच ते सहा मागून घेतले.

हे सगळे मी पाहत होतो का? पाहत होतो. समन्वयक होतो ना. रोज संध्याकाळी 'सत्र यशस्वी' असा अहवाल मीच लिहीत होतो, आणि खरे सांगायचे तर लिहिताना माझी मला लाजही वाटत होती. पण शिक्षकांसाठीही तोच फॉर्म होता, आणि त्यात माझा तणाव रोज शून्य होता. माझी आई हडपसरला एकटी राहते. प्रतिबंधित क्षेत्र म्हणून तिच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले, आणि मी तिला चार महिने पाहिले नव्हते. रोज रात्री फोन करायचो. "आई, कशी आहेस?" "मजेत. तू?" "मजेत." झाले आमचे बोलणे.

एकोणतीस सप्टेंबरला शाळेची सरासरी काढली. आठ भागिले चारशे बारा, म्हणजे शून्य पूर्णांक दोन शतांश. वरिष्ठ कार्यालयाचा फॉर्म अपूर्णांक घेईना. दूरध्वनीवरून विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "संबंधित विद्यार्थिनी निश्चित करून तिचे उद्यापर्यंत निराकरण करावे."

उल्काबाईंनी मला फोन केला. "सर, आपण तिच्याशी बोला. प्रेमानं बोला. पण पाचच्या आत बोला."

मी स्पृहाला फोन लावला.

"स्पृहा, उद्या शून्य लिही बरं का."

"पण सर, आठ आहे."

"अगं, शून्य लिहिलंस की तुलाही सत्रांतून सूट. पाच ते सहा तुझे तुला परत."

"नक्की, सर? तनयानं परवापासून यायचं बंद केलंय. तिला वाटलं, मी मुद्दामच येत नाहीये."

"नक्की. आणि गच्चीवर गेलीस की किती होतो तुझा तणाव?"

"दोन."

"मग दोन काय आणि शून्य काय. असा कितीसा फरक आहे?"

"गणिताच्या बाई म्हणतात, आहे."

"मी चित्रकलेचा आहे," मी म्हणालो.

तिला हसू आले नाही. "सर, तुम्ही किती लिहिता?"

"शून्य."

"खरंच शून्य आहे?"

मी म्हणालो, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

तीस तारखेला स्पृहाने शून्य लिहिले. शाळा तणावमुक्त झाली. अभिनंदनाचे पत्र आले, उल्काबाईंनी ते चौकटीत बसवून बंद शाळेच्या बंद कार्यालयात लावले. स्पृहा दोन दिवस गच्चीवर गेली. तिसऱ्या दिवशी तनयाही आली, असे तिच्या आईकडून कळले. मला बरे वाटले. फार बरे वाटले.

चौथ्या दिवशी दुसरे परिपत्रक आले. 'आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांचा तणाव शून्य असल्याने त्यांच्याकडे अतिरिक्त क्षमता शिल्लक असल्याचे दिसून येते. सबब, सर्व विद्यार्थ्यांसाठी रोज एक जादा तास घेण्यात यावा. वेळ पूर्वीप्रमाणेच.'

संध्याकाळी स्पृहाचा संदेश आला. शिव्या नाहीत, तक्रार नाही. फक्त एवढेच, 'सर, तुम्ही नक्की म्हणाला होतात.'

आता मात्र मला स्वतःचाच राग आला. मी उल्काबाईंना फोन केला. म्हणालो, "बाई, जादा तास मी घेतो. चित्रकलेचा."

"घ्या की. नाहीतरी आपण मोकळेच आहात."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता चारशे बारा चौकटींसमोर मी गृहपाठ सांगितला. विषय, 'आमच्या गच्चीवरून'. प्रत्यक्ष गच्चीवर जाऊन, एक तास बसून चित्र काढावे. मोबाईल घरात ठेवावा, त्याने रंग बिघडतात. रंग कसे बिघडतात हे कुणीही विचारले नाही. शास्त्रीय वाटले असावे. पाच वाजून दोन मिनिटांनी पडदा रिकामा झाला. सहापर्यंत मी रिकाम्या चौकटींसमोर हजेरी लावून बसलो. गेल्या सात महिन्यांत इतका चांगला तास मी घेतला नव्हता.

सकाळी चारशे बारा चित्रे आली. चारशे अकरांत मागे सिंहगड होता, सूर्य मावळत होता आणि छायाप्रकाश इतका बिनचूक होता की किमान तीन पालकांना मी नोकरीवर घेतले असते. गंधारच्या वडिलांनी खाली स्वतःची सहीसुद्धा केली होती. चारशे बाराव्या चित्रात पाण्याची एक वाकडी टाकी होती, मधे बोळ होता आणि पलीकडे हात हलवणारी काड्यांच्या हातापायांची एक मुलगी. कोपऱ्यात नाव असते तिथे पेन्सिलीने बारीक आकडा होता. दोन.

शाळा तणावमुक्त झाल्यापासून मला मिळालेला पहिला खरा आकडा तो. बरोबर तिने सांगितला होता तेवढाच.

त्या दिवशी मी आईला फोन केला. "कशी आहेस?"

"मजेत."

"तसं नको, आई. दहापैकी सांग. त्रास किती होतोय?"

आईने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती म्हणाली, "सात असेल बघ, दिगू. संध्याकाळी आठसुद्धा होतो. पत्रे काढले की येशील का रे?" लगेच तिनेच विचारले, "आणि तुझा किती?"

मी तोंड उघडले. शपथेवर सांगतो, खरेच सांगणार होतो.

"माझं काय," मी म्हणालो, "मजेत."

तुम्ही हसताय, हसा. पण आज सकाळी जिन्यात तुम्हालाही कुणीतरी "काय, कसं काय?" असे विचारले असेल. तुम्ही काय भरलेत?