वानखेडे मामांचं पुरं तिकीट

निकालाचा सोमवार, कडक ऊन. ठिकाण: मेहकर, कोर्टासमोरचं चहाचं हॉटेल. हजर: वानखेडे मामा, निवृत्त कंडक्टर, भास्करराव, त्यांच्या गाडीचे निवृत्त ड्रायव्हर, इंगळे वकीलबाई, आणि मी, शेजारच्या टायपिंगच्या दुकानाची मालकीण. गैरहजर: मंगेश. तो चार महिन्यांसाठी तुरुंगात गेला, म्हणूनच आज चहाबरोबर भजी होती.

मामांची खरी ओळख हवी असेल तर त्यांच्या पायावर पाय द्यावा. माझा एकदा घाईत पडला. मी सॉरी म्हणून पुढे निघाले, तर मामा आडवे.

"कायचं सॉरी?"

"पाय पडला ना, मामा."

"कोनाचा? कोनावर? काऊन पडला? आन आता काय करनार?"

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी म्हटलं, "माझा पाय घाईत तुमच्या अंगठ्यावर पडला. यापुढे खाली बघून चालेन."

"हां! हे झालं पुरं तिकीट. नुसतं सॉरी म्हंजे अर्धं. कुठून बसला ते नाही, कुठं उतरनार ते नाही."

हिवरा आश्रम गावच्या एका लग्नात पंगतीला उशीर झाला. वधूपिता माइकवरून म्हणाले, "विलंबाबद्दल क्षमस्व." मामा पंगतीतून उठले. "काऊन झाला ते बी सांगा!" बिचाऱ्यांनी माइकवरच सांगितलं, की आचारी आणि त्याची बायको भांडून दोघंही रुसून बसले होते, आणि त्यांची समजूत काढण्यात तासभर गेला. मंडळी अशी खूश झाली की कुणाला भुकेची आठवण राहिली नाही.

दुसरी सवय बोटातल्या अंगठीची. गाडीत कंडक्टरची घंटा असते ना, एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल, तीच मामा कपबशीवर, खांबावर, जिथे जमेल तिथे वाजवतात. कुणी फार बोलायला लागलं की एक ठोका. मोताळ्याच्या गाडीवर मामा आणि भास्कररावांनी अर्धं आयुष्य काढलं. गाडी मागे घेताना भास्करराव आरशात बघतच नसत म्हणे. मागे मामा आहेत ना!

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मंगेशच्या जीपने भास्कररावांना उडवलं. कंबर मोडली, डोक्याला मार लागला. तेव्हापासून त्यांचे शब्द एकेक करून, लांबच्या गावाहून आल्यासारखे येतात.

खटला उभा राहिला आणि आम्हाला कळायच्या आत संपलासुद्धा. कबुली द्यायची आणि शिक्षा कमी घ्यायची, असा रीतसर मार्ग कायद्यात आहे. पण त्या बैठकीला जखमी माणसाला बोलवावंच लागतं. नोटीस गेली भास्कररावांच्या जुन्या गावच्या घरी, जिथे आता फक्त कुलूप राहतं. मंगेश दोन शब्द बोलला, "गुन्हा कबूल." शिक्षा काय, तर दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. त्याने मागच्या बाकावर डुलक्या काढल्या आणि संध्याकाळी त्याच जीपने घरी गेला.

मामा माझ्या दुकानात आले. नेहमीचं "जय भीम, ताई" सुद्धा विसरले. "हे तं अर्धं बी नाही! हा तं बिनतिकिटाचा उतरला!"

वकीलबाई म्हणाल्या, "मामा, असल्या निकालावर साधं अपील नसतं. थेट नागपूरला, हायकोर्टात रिट याचिका करावी लागेल."

"मंग करा. गाडी कितीची हाय?"

मी कामाला लागले. कागदांच्या प्रती, भास्कररावांच्या गोळ्या, कमरेची उशी, बसमध्ये खिडकीची जागा. नागपूरला मंगेशचे वकील ऐटीत म्हणाले, "माझ्या अशिलाने खेद व्यक्त केला आहे." आणि मागून ठोका आला. टण्ण! न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला.

मामा हात जोडून उभे. "साहेब, ठोका म्या मारला. सवयीनं, अंगठीनं, या बाकावर. पुन्हा नाही मारनार, अंगठी काढूनच ठेवतो."

साहेबांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्या दालनात इतकी पूर्ण माफी दुसऱ्या कुणी मागितली नसावी. पुढे आदेश आला: जखमीला न विचारता झालेला समझोता रद्द, बैठक पुन्हा घ्या. मामांनी स्टँडवर उभ्या असलेल्या दोन गाड्यांमध्ये चढून, ओळख ना पाळख, सगळ्यांना पेढे वाटले.

नव्या बैठकीत मंगेश खाली बघून म्हणाला, "सॉरी काका." आम्ही सगळे मामांकडे बघायला लागलो. मामा तोंड उघडणार, तेवढ्यात बोलले भास्करराव.

"काय... चं?"

मंगेशने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने टेबलाकडे. मग पोरगा हळूहळू बोलला. हातात फोन होता. वळसा वाचवायला जीप उलट्या बाजूने घातली होती. काका पडलेले आरशात दिसले. तरी थांबलो नाही. चार महिने कैद आणि उपचाराचा सगळा खर्च, त्याने मान्य केलं. आज कोर्टाने तसा निकाल दिला.

तर भजी. आम्ही "कायचं?" ची नक्कल करून करून हसत होतो. भास्कररावही हसले. वकीलबाई त्यांना हात धुवायला घेऊन गेल्या, तेव्हा लक्षात आलं की मामांच्या पुढची भजी तशीच आहेत.

"काय झालं, मामा? जिंकलो ना आपण!"

"ताई, त्या दिवशी मी रस्त्याच्या पलीकडं व्हतो. भास्कर इकडं. म्या खांबावर अंगठी ठोकली." मामांनी बोटातली अंगठी फिरवली. "दोनदा."

दोनदा, म्हणजे चल.

"जीप उलटी येईन असं कोनाले वाटते? पन भास्करनं पाह्यलंच नाही ना कुठं. मी हाय म्हनून."

"त्यांना सांगितलंत?"

"रोज सॉरी म्हन्तो. त्याले वाटते, त्याची कंबर दुखते म्हनून मी सॉरी म्हन्तो."

त्या दिवसापासून दोन वर्षांत मामांनी फक्त थांबायचा एकेक ठोका मारला होता, चलचे दोन कधीच नाही. ते मला तेव्हा उमगलं.

भास्करराव परत आले, मामांची बशी त्यांच्याकडे सरकवली, "खा... ना बे" म्हणाले. मामांनी एक भजं खाल्लं. मग दोघं निघाले. रस्त्याच्या कडेला भास्करराव उभे राहिले, समोर बघत, ठोक्याची वाट बघत. मामांचा हात खांबापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि भास्कररावांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं.

कोर्टाचं सगळं काम उरकलं. मामांनी स्वतःचं पुरं तिकीट काढायचं तेवढं बाकी आहे.