कुकरातल्या शंभर बाया

त्या बुधवारी मी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या टेबलावरच्या औषधाच्या खोक्यातला कागद काढून वाचायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला घडी घातलेला कागद दिसला की हात आवरत नाही. (रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण हाताला अजून कोणी तसं कळवलेलं नाही.) कागद चांगला चादरीएवढा निघाला. अक्षरं मुंगीएवढी. मी चष्मा वर-खाली करत वाचत होतो, आणि समोर डॉक्टर मेघाताई माझ्या बायकोला, म्हणजे कोकिळेला, बरंच काही समजावून सांगत होत्या. ते मी ऐकलं नाही. मी अभ्यास करत होतो.

झालं असं होतं की समुद्रपूरच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना कोकिळेचा पाय घसरला. फार काही जोरात पडली नाही. नुसता हात टेकवला, आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं. पण एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको, म्हणून डॉक्टरांनी तिला हाडांच्या तपासणीसाठी वर्ध्याला पाठवलं. रिपोर्ट आला की हाडं विरळ झाली आहेत. आठवड्याला एक गोळी घ्यावी, असं डॉक्टरांचं मत पडलं.

"औषधाचे फायदे आहेत, तसे थोडे धोकेही आहेत," मेघाताई शेवटी म्हणाल्या (हे वाक्य मी ऐकलं). "घरी जा, दोघं विचार करा आणि पुढच्या बुधवारी सांगा."

दोघं म्हणजे अर्थातच मी, असं मी धरून चाललो.

घरी येईपर्यंत माझा कागद वाचून झाला होता. छातीत जळजळ, पोटदुखी, सांधेदुखी, अन्ननलिकेला जखम, क्वचित मांडीच्या हाडाला तडा, क्वचित जबड्याच्या हाडाला इजा! हाडं मजबूत करायची गोळी आणि तीच हाड मोडणार? आमच्या ऑफिसातसुद्धा एवढा घोळ कधी झाला नव्हता.

मी तडक शेजारी रूपरावांकडे गेलो. रूपराव एस.टी.त ड्रायव्हर होते. जिल्ह्यातला प्रत्येक रोग त्यांनी कुठल्या ना कुठल्या थांब्यावर पाहिलेला आहे.

"जबडा?" रूपराव म्हणाले. "अरे बाप्पा! आंजीले माह्या साडभावाची बहीण होती. तिचा जबडा असा लोंबला होता."

"गोळीनं?"

"नाई. बैलानं शिंग मारलं होतं."

"मग गोळीचा काय संबंध?"

"संबंध नाई जी. पण जबडा वाईटच ना?"

हे मला पटलं. (पटायला नको होतं, पण घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.) गोळी द्यायचीच नाही, हाडांचं आपण आपल्या पद्धतीनं पाहून घेऊ, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून कोकिळेला सकाळी गच्चीवर उन्हात बसवायला सुरुवात केली. तिळाचे लाडू आणले. आणि ती अडखळून पडू नये म्हणून घरातली सगळी पायपुसणी उचलून माळ्यावर टाकली. त्यामुळे न्हाणीतून येणारा जो तो ओल्या पायांनी घरभर फिरू लागला, आणि तिसऱ्या दिवशी मीच स्वयंपाकघराच्या दारात सपशेल आडवा झालो.

कोकिळा प्लास्टरचा हात सांभाळत आली आणि वरून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"अवो, हाडं माही मोडाची हायेत का तुमची?"

मी उठलो. माझी हाडं शाबूत निघाली. इभ्रतीचं सांगता येत नाही.

शनिवारची गोष्ट. मी बाजारातून आलो तर कोकिळा घरात नव्हती. गच्चीवर कपडे काढायला गेली असावी. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलच्या थाळीत तुरीची डाळ होती. एक मोठा ढीग, एक मध्यम, एक लहान. मला वाटलं, बिचारी एका हातानं डाळ निवडून राहिली होती आणि दमून अर्ध्यावर सोडून गेली. माझं मन भरून आलं. आज वरण आपणच करू, म्हटलं. थाळीतली डाळ दोन माणसांना पुरेशी नव्हती, म्हणून डब्यातली दोन मुठी तिच्यात घातली, धुतली, हळद टाकली आणि कुकर लावला.

तिसऱ्या शिट्टीला कोकिळा खाली आली.

"थाळीतली डाळ कुठी गेली?"

"कुकरात," मी अभिमानानं म्हणालो. "तू बस. आज वरण माझ्याकडे."

"अवो बाप्पा! शंभर बाया होत्या त्या!"

"कोण बाया?"

"माह्यासारख्या! दहा जणी वाचल्या होत्या, पंधरा जणीइचं हाड मोडलं होतं, अन् तुम्ही साऱ्याच शिजवल्या!"

मी कुकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. उन्हात जरा जास्तच बसवलं की काय, अशी शंका मला आली.

"कोकिळा," मी हळूच म्हणालो, "तुला गरगरतंय का?"

"मले काई नाई होऊन राह्यलं. बसा इथं!"

मी बसलो. तिनं पुन्हा डब्यातली डाळ घेतली आणि डाव्या हातानं एक-एक दाणा मोजत थाळीत टाकू लागली. मध्ये मी एकदा "मदत करू का?" म्हणालो. तिनं थाळी आपल्याकडे ओढून घेतली.

"हे शंभर," ती म्हणाली. "माहं वय, हा मोडला हात अन् तो रिपोर्ट, सारं धरून डॉक्टरीणबाईनं अंदाज सांगतला. गोळी नाई घेतली तं दहा वर्षांत शंभरातल्या पंचवीस जणीइचं मोठं हाड मोडते." तिनं पंचवीस दाणे बाजूला सारले. "गोळी घेतली तं पंधरा जणीइचं." त्यातले दहा पुन्हा वेगळे केले. "या दहा वाचल्या."

मोठ्या ढिगाकडे बोट करून मी विचारलं, "आणि या?"

"या पंच्याहत्तर जणी तशाबी धडच राह्यतीन. त्याइनं गोळी फुकटच खाल्ली. मी त्यातली निघाली तं चांगलंच हाये."

"आणि जबडा? जबड्याची बाई कुठं आहे यात?"

"ते या थाळीत नाई. अख्ख्या पोत्यात एखादा दाणा तसा. मांडीच्या हाडाचंबी तसंच, अन् तेबी लय वर्षं गोळी घेतली तं. म्हणून पाच वर्षांनी पुन्हा तपासून गोळी थांबवाची का ते पाह्यतात. अन् दात पह्यलेच दाखवून घ्याचे." ती म्हणाली. "मी इचारलं सारं. तुम्ही तवा कागद वाचून राह्यले होते."

ती दाण्यांवरून बोट फिरवू लागली.

"माह्या मायचं आठवते ना तुम्हाले?" ती म्हणाली. "अल्लीपूरले. देवाजवळ बसाले गेली अन् पडली. मांडीचं हाड मोडलं. चौदा महिने खाटेवर होती. तिले कुशीवर वळवाले मी अन् वहिनी, दोघी लागत होतो. रोज म्हणे, कोकिळे, मले आंगणात ने. आमी एक दिवस नाई नेऊ शकलो." तिनं पदरानं नाक पुसलं. "मले जबड्याचं भेव नाई वाटत. खाटेचं वाटते."

चौतीस वर्षांत मी साहेबांसमोर कित्येक फायली ठेवल्या, त्यांवर लांबलचक टिप्पण्या लिहिल्या. पण एका थाळीत मावेल एवढं स्वच्छ प्रकरण मी एकदाही मांडलं नव्हतं. मला हे तिला सांगायचं होतं. मी म्हणालो, "वरण करपतंय वाटतं."

करपलंच होतं. आम्ही ते खाल्लं. "कोणाची मावशी हाये का माहीत, पण लय कडू लागून राह्यली," असं कोकिळा म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

बुधवारी तिनं डॉक्टरांना होकार कळवला. त्याआधी हिंगणघाटला जाऊन दात दाखवले. मी डेंटिस्टला प्रकरण समजावून सांगायला म्हणून आधी आत गेलो. उभ्यानं नीट सांगता येईना, म्हणून समोरच्या खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीवर बसलेला माणूस पेशंट असतो, अशी तिथली पद्धत आहे. कोकिळेचे सगळे दात उत्तम निघाले. माझ्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या, त्यातली एक तर त्याच दिवशी कायमची निघाली.

गोळीचा वार रविवार ठरला. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही. तिची अन्ननलिका आता माझी जबाबदारी होती. मी तिला अंगणात खुर्चीवर ताठ बसवलं, हातात घड्याळ घेतलं आणि बजावलं, "अजिबात हलायचं नाही."

ती हलली नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तिनं माझं एवढं निमूट कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. नळ आला, पाणी मी भरलं. दूधवाला आला, दूध मी तापवलं. अंगण मी झाडलं. ती सांगत होती तिथं तिथं पुन्हा झाडलं. पुढच्या रविवारी जरा सुरक्षित असावं म्हणून मीच अर्ध्याचा पाऊण तास केला. तिसऱ्या रविवारी तास. तोवर मी पोहेही करायला लागलो होतो. प्लास्टर निघालं, हात मोकळा झाला, पण गोळी ती गोळी. नियमात सवलत नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. मेघाताईंनी विचारलं, "गोळीचा काही त्रास?"

"काईच नाई," कोकिळा म्हणाली.

"मी तिला पूर्ण एक तास जागेवरून हलू देत नाही," मी पुढे सरकून सांगितलं.

मेघाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हलायला काय हरकत आहे? अर्धा तास फक्त आडवं व्हायचं नाही. चालायचं, फिरायचं, घरातलं काम करायचं. चाललेलं उलट चांगलंच हाडांना. कोकिळाताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"हाव, सांगतलं होतं," कोकिळा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये जाम गावच्या चौकापर्यंत मी दम धरला. मग राहवलं नाही.

"तुले माहीत होतं तं मले काऊन नाई सांगतलं?" (मी चिडलो की माझी ऑफिसची भाषा सुटते.)

"तुम्हीच म्हणे, हलू नको. छत्तीस वर्षांत एकदा तुमचं आयकलं, तं त्यातबी तुमची तक्रार?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

येत्या रविवारी आपण मुळीच उठायचं नाही, असं मी त्याच क्षणी पक्कं ठरवलं. आणि रविवारी नऊपर्यंत लोळायचंच, या निश्चयानं मी साडेसहाला टक्क जागा झालो. पडून पाहिलं. पडवेना. शेवटी उठलो, पाणी भरलं, अंगण झाडलं, दूध तापवलं आणि पोहे करून खुर्चीजवळ नेऊन ठेवले.

पहिला घास घेऊन कोकिळेनं ताटली माझ्याकडे परत दिली. मीठ राहिलं होतं.