जिन्यावरचा समुद्र

आमच्या बाबांच्या बँडची नवी रेकॉर्ड तुम्ही ऐकली असेल, तर दुसऱ्या बाजूला मध्येच समुद्र लागतो. तो समुद्र मी आहे. (एरवी मी स्वतःहून कुणाशी बोलत नाही, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

त्या शनिवारी मी एवढंच ठरवलं होतं, की जिना झाडायचा, पण हळू.

इथे जर्मनीत, रॉयटलिंगनमध्ये, इमारतीचा जिना झाडायची आठवड्याची पाळी असते. ज्यांची पाळी, त्यांच्या दारावर पाटी. शनिवारी जिना लख्ख करून पाटी शेजारच्या दारावर लावायची. त्या आठवड्यात पाटी आमच्याकडे होती, आई बेकरीत कामाला गेली होती आणि तळघरात रेकॉर्डिंग चाललं होतं.

बाबा ऑर्गन वाजवतात. रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक रचना. सकाळी ती शेवटापर्यंत आली आणि ड्रमवाले ग्योट्सकाका शिंकले. आता कोरी टेप एकच उरली होती आणि भाड्याचं यंत्र संध्याकाळी परत जाणार होतं.

“आल्मुट, घरात आवाज नको,” बाबा म्हणाले. “कुणी आलं तर?”

“घंटा वाजायच्या आधीच दार उघडीन.”

“नळ?”

“नाही सोडणार.”

“आणि श्वास?” ग्योट्सकाकांनी विचारलं.

“तू बोलू नकोस, शिंकऱ्या!” बाबा म्हणाले आणि तळघराचं दार लागलं.

थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या गेकेले बाई वर आल्या. मी घंटेआधी दार उघडलं.

“पाटी अजून इथंच?”

“बाई, हळू! खाली रेकॉर्डिंग चाललंय.”

“ते रोजच चालतं. जिना आठवड्यातून एकदाच झाडायचा असतो.”

“संध्याकाळी झाडते ना.”

“दुपारी माझी बहीण येतेय उल्महून. तिनं काय धूळ तुडवत यायचं? थांब, तुझ्या बाबांनाच विचारते.” आणि त्या खरोखरच तळघराकडे निघाल्या.

“नको, नको! आत्ता झाडते!”

बाई बहिणीसाठी भाजायला ठेवलेला केक बघायला आपल्या स्वयंपाकघरात परत गेल्या. मी बूट काढले. एका पायरीला झाडूचा एकच हात, मग थांबायचं, मग पुढची पायरी. खालून ऑर्गन ऐकू येत होता, त्याच्याबरोबर हात आपोआप फिरत होता. बँड वाचवल्याच्या आनंदात मी तळघराच्या दारापर्यंत पोचले. तिथे कठड्याला मायक्रोफोन टांगलेला होता.

आवाज जिन्यात घुमून परत यावा, म्हणून बाबांनी तो तिथे लावला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. (मला कुणी काही सांगत नाही, मी कुणाला काही विचारत नाही. आमचं असंच चालतं.)

रचना संपल्यावर बाबांनी आणि काकांनी टेप लावून ऐकली. सर्रर्र... शांतता... सर्रर्र...

“ऑर्गनला दमा झालाय का?” ग्योट्सकाका म्हणाले.

बाबा पांढरेफटक पडले. मी दारातच उभी होते, हातात झाडू. “ती मी आहे,” मी म्हणाले.

बाबांनी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग डोळे मिटून पुन्हा एकदा.

“ग्योट्स, ही तुझ्यापेक्षा तालात आहे.”

“काहीतरीच!” काकांनी कान लावला. बराच वेळ लावला. “आहे खरी,” ते हळूच म्हणाले. “आणि ऐकायला थेट समुद्राच्या लाटा.”

रेकॉर्ड वसंतात आली. श्टुटगार्टच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ‘समुद्राचं एकाकीपण इतक्या प्रामाणिकपणे कधीच ऐकू आलं नव्हतं.’ वेष्टनावर बाबांच्या नावाखाली छापलंय, ‘समुद्र: आल्मुट’. मी ती शाळेत नेली. कुणाला दाखवली नाही. फक्त दप्तरातून अर्धी बाहेर राहील अशी ठेवली. (दप्तर अख्खा दिवस बाकावर होतं.)

मग धीर करून ती गेकेले बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि अख्खी बाजू मांडीवर हात ठेवून ऐकली.

“समुद्राचा भाग परत लाव बघू,” त्या म्हणाल्या.

माझी छाती फुगली. मी सुई उचलून मागे ठेवली. बाईंनी डोळे मिटले. प्रत्येक लाटेला त्यांचं बोट मांडीवर टेकत होतं.

“एका पायरीला एकच हात,” अखेर त्या म्हणाल्या. “म्हणजे कोपरे झाडलेच नाहीस.”

मी सुई उचलली.

त्यांनी चष्मा लावून वेष्टन जवळ धरलं. “आणि त्यावर स्वतःचं नावही छापलंस?”