सदूभाऊ आणि माश्यांचं साखरपाणी

भर मे महिन्यात, उन्हं कलली की आमच्या शेजारचे सदूभाऊ रेनकोट चढवतात. वर हेल्मेट, हेल्मेटवरून सोडलेला फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा, हातात रबरी मोजे आणि पँटचे पाय पायमोज्यांत खोचलेले. दिवेआगरात माझ्याकडे खोल्या घेऊन राहणारे पाहुणे हा अवतार बघून हळूच विचारतात, "कसली गॅसगळती वगैरे झालीय का हो?"

"नाही," मी सांगतो. "ते मधमाश्यांना जेवायला घालायला निघालेत."

सदूभाऊ आयुष्यभर वायरमन होते. भर पावसात खांबावर चढून त्यांनी तारा जोडल्या. जमिनीवरच्या बहुतेक गोष्टींना मात्र ते भितात. नारळाखालून जाताना डोक्यावर घमेलं धरतात. समुद्र हाकेवर, पण त्यात पाय भिजवत नाहीत. कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, "मेन बंद केलास ना?" तो त्यांनी आमच्या कुत्र्याबद्दलही विचारलेला आहे. माश्यांबद्दल तक्रार एवढीच, की "ह्यांचा मेन कुठं हाय तेच कळत न्हाय."

परसातली ती मधमाश्यांची पेटी खरं तर वत्सलावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. उन्हाळ्यात वाडीत फुलं कमी, त्यात वादळाने निम्म्या पोफळी आडव्या केलेल्या. माश्यांची उपासमार झाली तर त्या पेटी सोडून जातात. म्हणून वहिनी संध्याकाळी पेटीत साखरपाण्याची बशी ठेवायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एक माशी त्यांच्या मानेला चावली. बघता बघता तोंड सुजलं, श्वासाला शिट्टी लागली. माझ्या गाडीतून आम्ही त्यांना श्रीवर्धनला नेलं. वाटभर सदूभाऊ "श्वास घे, श्वास घे" एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी बजावलं, "आज निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. माश्यांपासून लांब राहायचं."

आता पेटी जाणार, हे मी धरूनच चाललो. दुसऱ्या दिवशी रेनकोट घालून सदूभाऊ परसात उतरले.

त्यांची पद्धत त्यांच्यासारखीच होती. लांब बांबूच्या टोकाला पळी बांधलेली. दुसऱ्या काठीच्या आकड्याने पेटीचं झाकण उचकटायचं आणि मान फिरवून पळी ओतायची. निम्मं साखरपाणी पेटीबाहेर सांडायचं. "थोडं आत गेलं तरी पुरे," ते म्हणायचे. "लांबून केलेलं काम चांगलं."

सांडलेल्या गोडाला मुंग्या लागल्या आणि तिथून पेटीत शिरल्या. यंदा मे महिन्यातल्या एका दुपारी माश्यांनी पेटी सोडली.

मी मागच्या दारात होतो. आधी मोटार सुरू झाल्यासारखा आवाज आला, मग परसावर काळपट धूर उठल्यासारखं दिसलं. तो धूर फिरत फिरत सदूभाऊंच्या घराकडे गेला आणि खिडकीच्या गजांना लोंबायला लागला. त्याच खिडकीखाली वहिनी दुपारच्या झोपल्या होत्या.  मी हाक मारली, "सदूभाऊ, माश्या!"

रेनकोट दोरीवर वाळत होता. सदूभाऊ बनियनवर आत धावले. पुढच्या क्षणी दारातून एक भलंमोठं गाठोडं बाहेर आलं. वहिनींना त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळून उचललं होतं. वहिनी चांगल्या आडव्या अंगाच्या, सदूभाऊ म्हणजे काडी. आतून वहिनी म्हणत होत्या, "मेले मी, सोडा मला." सदूभाऊ त्या घोंघावणाऱ्या माश्यांमधून पडत-झडत माझ्या स्वयंपाकघरात आले. मी दार लावलं.

"कुठं चावली? दाखव, कुठं?" चादर सोडवत ते वहिनींचे हात, मान, कानामागची जागा तपासत होते. वहिनींना एकही चावली नव्हती. सदूभाऊंचा एक कान पुरीसारखा फुगला होता आणि पाठभर गांधी उठल्या होत्या. त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

बोर्लीहून पेट्या विकणारे अन्वरभाई आले. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, धूर देत त्यांनी माश्या पुन्हा पेटीत घेतल्या आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. "सदूभाऊ, बशी आता हातानं आत ठेवायची," ते म्हणाले. "न्हायतर ह्या परत जातील."

ते गेल्यावर मी सदूभाऊंना बाजूला घेतलं. "देऊन का टाकत नाही ती पेटी? वहिनींच्या जिवाशी खेळ आहे हा."

ते सुजलेला कान चोळू लागले.

"वादळात वाडी पडली ना, तेव्हापास्नं ही भिंतीकडं तोंड करून पडायची," ते म्हणाले. "जेवायची न्हाय, बोलायची न्हाय. तसाच पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग पडक्या माडाच्या ढोलीत माश्या येऊन बसल्या, ह्याच, आता पेटीत हायत त्या. एक दिवस ही उठली आन् मला म्हणाली, घरात साखर हाय का?" आत वहिनींकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "माश्यांची भीती वाटते रे मला. लय वाटते. पण ही परत तशी गप झाली तर मी काय करू?"

आता संध्याकाळी मी झाकण उचलतो, धूर धरतो. वहिनी स्वयंपाकघराच्या बंद जाळीमागे उभ्या असतात. सदूभाऊ बशी हातानं आत ठेवतात.

"पितायत का?" वहिनी आतून विचारतात.

"पितायत."

"काड्या टाकल्यात ना? बुडतील हां."

"टाकल्यात."

"राणी दिसली?"

"दिसली की. चांगली जाडजूड हाय."

परवा मी मच्छरदाणीच्या आत नीट बघितलं. सदूभाऊंनी डोळे गच्च मिटलेले होते.

"आणि? आणखी काय करतायत?" वहिनींनी विचारलं.

बशी पेटीत टेकवत, डोळे न उघडताच, सदूभाऊ पुढचं सांगू लागले.