सगळ्यावर माझं नाव

खोटं बोलावं तर माझ्यासारखं! "खोली स्वतंत्र आहे, मी एकटाच राहतो," असं मुलीच्या वडिलांना ठणकावून सांगितलं आणि निर्धास्त झालो. मुलगी मला पसंत होती. तीही "बघू" म्हणाली होती. अडलं होतं फक्त खोलीवर.

आता खोलीचं खरं सांगतो. कारखान्यामागच्या गल्लीत दहा बाय आठची खोली, तिच्यात एक खाट आणि भाडेकरू तिघं! मी सकाळपाळीला, दुसरा दुपारपाळीला, तिसरा रात्रपाळीला. एक उठला की दुसरा आडवा. दोन वर्षांत अंथरूण कधी गार पडलं नाही. आमचं बोलणं दारामागच्या चिठ्ठ्यांवर.

तशीच चिठ्ठी लावली : 'उद्या दहाला होणारे सासरे खोली बघायला येणार. सगळं माझ्या एकट्याचं दिसलं पाहिजे. सांभाळून घ्या!'

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मुलीच्या वडिलांना, म्हणजे काकांना, घेऊन आलो. दार उघडलं आणि चाटच पडलो. दुपारपाळीवाला कारखान्यात रंगारी. त्यानं मनापासून सांभाळून घेतलं होतं! बादलीवर माझं नाव. आरशावर माझं नाव. उशीवर, लाल रंगात, माझं नाव!

"व्यवस्थित आहात हं," काका म्हणाले. मी फुललो. मग ते फळीपाशी थबकले.

"दातांचे ब्रश तीन?"

"सकाळ, दुपार, रात्र... घासतो, काका."

"आणि चपला? सहा नंबर, आठ नंबर, दहा नंबर. तिन्हींवर तुमचंच नाव!"

"उभ्यानं काम ना! पाय सुजतात."

"सहाचे दहा होतात?"

तेवढ्यात खाटेखालून पत्रा कापल्यासारखं घोरणं सुरू झालं.

"शेजारचा पंप!" मी ओरडलो.

"शेजार खाटेखाली आहे?" काका वाकले.

रात्रपाळीवाला! मला खाट मोकळी मिळावी म्हणून बिचारा फरशीवर मुटकुळं करून झोपला होता. बनियनवर, छातीभर, माझं नाव!

"हाही तुमचाच का?"

मी सगळं कबूल केलं. काका त्या झोपलेल्याकडे बघतच राहिले.

"रात्रभर राबून आला आणि दुसऱ्याच्या लग्नासाठी फरशीवर झोपला! याचं लग्न झालंय?"

"नाही," मी म्हणालो. खरं बोलायची सवय ही अशी नको तेव्हा लागते!

परवा रात्रपाळीवाल्याच्या नव्या घरी जाऊन आलो. संसार नेटका आहे. बादलीवर माझं नाव, उशीवर माझं नाव.

चहा वहिनींनी दिला.